ससाणा नावाची टोळी

चहा उकळतोय तोवर माझ्या हुशारीची गोष्ट ऐकून घ्या. असली हुशारी कुणाच्या वाट्याला न येवो.

मी पूर्णेत, आमच्या घरात बसून, पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. काम काय, तर इंटरनेटवरचे चोर ओळखायचे. चोर दिसत नाही, नावही सांगत नाही. मग तो कधी येतो, कुठली हत्यारं वापरतो, कुणाच्या दारात जातो, त्यावरून टोळी ठरवायची. आधी नुसता नंबर. खात्री पटली की नाव. प्रत्येक कंपनीची नावं वेगळी. आमच्याकडे पक्ष्यांची.

मागच्या उन्हाळ्यात औषधं पोचवणाऱ्या एका कंपनीच्या सर्व्हरचं दार कुणीतरी ठोठावायला लागलं. पत्ता निघाला आमच्याच परभणी जिल्ह्याचा. साध्या माणसाला वाटलं असतं, चोर परभणीचा. पण मी साधा थोडाच? मी लिहिलं, चोर परदेशातला आहे, फसवायला मुद्दाम इथला पत्ता दाखवतोय.

मग वेळा बघितल्या. सकाळी लवकर सुरू, जेवणानंतर बंद, उन्हं उतरली की परत सुरू. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. एवढी शिस्त कुणाला असते? सरकारी नोकराला. म्हणजे यांच्यामागं एखादं सरकारच असणार. मी नाव देऊन टाकलं, ससाणा.

घरी वडिलांनाही सावध केलं. अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले. माझा जुना लॅपटॉप त्यांच्याकडं असतो.

"अण्णा, परदेशातले चोर आपल्या भागात शिरलेत. लॅपटॉप बंद ठेवा."

"मी तर नुसते भीमगीतं ऐकायलोय."

"तरी पण."

अण्णांनी ऐकलं. ससाणा त्याच दिवशी गप्प झाला. मी पुण्याला कळवलं, "त्यांना कुणकुण लागली."

पुढं अण्णांना करमेना. ससाणा परत आला. मी लिहिलं, "आता मोठा हल्ला होणार." माझ्या शब्दावर त्या कंपनीनं ऑर्डर घेणंच थांबवलं. गोदामापुढं गाड्या उभ्या राहिल्या, दवाखान्यांचे फोन सुरू झाले. माझा मात्र ससाण्यावर विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉल लागला. एका चौकटीत त्या कंपनीचे मालक, दुसऱ्या चौकटीत पुण्याहून आमच्या वरिष्ठ, वैशाली मॅडम. मी ससाण्याचा देश कुठला असावा ते समजावत होतो. तेवढ्यात लाइट गेली. मी मोबाईलच्या नेटवर परत आलो.

मॅडम म्हणाल्या, "मिलिंद, हल्ला थांबलाय."

"घाबरले असतील, मॅडम."

थोड्या वेळानं पंखा फिरायला लागला. बाजूच्या खोलीत गाणंही सुरू झालं.

"परत सुरू झाला," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याकडं लाइट आली का?"

"हो, आत्ताच."

मालक माझ्याकडं बघत होते. मॅडमनी अगदी शांतपणे विचारलं, "घरात आणखी कुठला कॉम्प्युटर आहे?"

मी उठून बाजूच्या खोलीत गेलो. अण्णांच्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली, वायरीवरच चालतो. त्यात माझाच एक प्रोग्राम निघाला. ही कंपनी आमच्याकडं नवीन आली तेव्हा त्यांचं दार पक्कं आहे का ते तपासायला मी बनवला होता. लॅपटॉप चालू झाला की तोही चालू. काढायचा राहून गेला.

मी येऊन खरं ते सांगितलं. मालक म्हणाले, "मग आता गाड्या सोडू का?" त्या माणसानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अण्णांनी विचारलं, "म्हणजे ते ससाणा मीच का?"

"हो, अण्णा."

"नाव लय चांगलं ठेवलास."

नोकरी वाचली, पण मॅडमनी अहवाल नव्यानं लिहायला लावला. त्यात एक रकाना असतो, हत्यार बनवणाऱ्याचं कौशल्य किती. मी बराच विचार करून लिहिलं, 'उत्तम'.

मॅडमनी विचारलं, "पुरावा?"

आता तिथं 'नवशिका' लिहिलंय.