पिवळ्यावर पांढरी अक्षरं

परवा आष्टीला मावशीकडे गेले होते. मक्याची पेरणी नुकतीच उरकली होती आणि मावशी अंगणात कोंबड्यांना बोलवत होती... ओंजळीत गुलाबी दाणे!

मी ओरडलेच, "मावशी, थांब! त्या बियाण्याला औषध लावलंय. विष असतं ते!"

"उरलेलं बी हाय, कोंबड्यायला टाकून राह्यले," ती दचकून म्हणाली. "विष हाय तं मंग बॅगवर लिव्हायचं न्हाई का?"

रिकामी बॅग उचलून पाहिली. लिहिलेलं होतं... पिवळ्या पट्टीवर पांढऱ्या, मुंगीएवढ्या अक्षरांत. मावशी चष्मा लावून रोज पेपर वाचते. तिलाही ते वाचता आलं नव्हतं. दाणे खड्ड्यात पुरले, तिला साबणाने हात धुवायला लावले.

मी जालन्याच्या नवीन जालना भागात डिझाइनचं काम करते. दुसऱ्याच दिवशी एका कंपनीच्या मक्याच्या बॅगचं डिझाइन मंजुरीला जायचं होतं. ते पुन्हा उघडलं. त्यातही इशारा तसाच, पिवळ्यावर पांढरा आणि बारीक.

अक्षर आणि मागचा रंग यांतला फरक म्हणजे कॉन्ट्रास्ट... पिवळ्यावर काळी अक्षरं घेतली. दोन ओळींमधलं अंतर म्हणजे लीडिंग... वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकत होते, ओळी मोकळ्या केल्या. आधी काय दिसावं, मग काय, हा क्रम म्हणजे हायरार्की... 'विषारी' हा शब्द वर आणला, मोठा केला. साहजिकच कणसाचा फोटो लहान झाला.

कंपनीचे साहेब वैतागले. "मॅडम, फोटो पाहून माल खपतो. इशारा नियमात बराबर बसत होता ना?"

"बसत होता सर. पण वाचता येतो का, तेवढं बघा."

जुनं आणि नवं, दोन्ही डिझाइनचे छापील नमुने घेऊन मी त्यांना बाहेर उन्हात नेलं. जुना नमुना त्यांनी जवळ घेतला, लांब धरला, डोळे बारीक केले... तरी इशारा वाचता येईना. माघार घ्यायची नाही, एवढंच ठरवलं होतं.

"फोटो अजून थोडा कमी करा," ते शेवटी म्हणाले. "आणि विषारी शब्द काळाच ठेवा. लाल शाई उन्हात उडते."

उन्हात शाई उडण्याचं मला सुचलंच नव्हतं!

कॉलेजात हे शब्द परीक्षेपुरते पाठ केले होते. आता प्रत्येक बॅगसाठी त्याच शब्दांवरून भांडणार आहे... वाद होतील, होऊ देत.

थँक्यू साहेब, ऑफिसातून उठून बाहेर आल्याबद्दल.