बॅटरीची वायर काढून ठेवलेली असताना

इथे बरेच जण 'खरा अनुभव' म्हणून लिहितात आणि मी खाली प्रतिसादात हसून जातो. मागे एकाच्या दूध पिणाऱ्या भुताच्या गोष्टीला तर मी यथेच्छ झोडपलं होतं. तेव्हा आज माझी कोणी खिल्ली उडवली तर तक्रार नाही... माझी पाळी आहे.

मी ऑटो इलेक्ट्रिशियन. ढोकीजवळ, साखर कारखान्याच्या रस्त्याला दुकान. वीस वर्षं झाली वायरी सोलतोय. या धंद्यात माणूस देव मानेल, पण भूत नाही. प्लस आहे, मायनस आहे, मधे फ्यूज आहे – करंट आला तर लाईट लागतो, नाही आला तर नाही. तिसरं काही नसतं, असं मी कित्येकांना ऐकवलंय.

गोष्ट मागच्या गाळप हंगामातली, जानेवारीतली. माझे दाजी ट्रॅक्टर चालवतात. त्या दिवशी उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन दुकानासमोर आले. टपावर चार जादा लाईट बसवायचे होते. आमच्याकडे हे वेडच आहे – पुढे लग्नाच्या मांडवाएवढा उजेड, आणि ट्रॉलीच्या मागे ठार अंधार. मागे लाईट लावला तरी उसाचं पाचट वायर ओढून तोडतं, म्हणून कोणी लावत नाही. मीही कधी कोणाला आग्रह केला नाही. गिऱ्हाईक म्हणेल ते.

भरलेल्या ट्रॉल्या खाली मातीत घेतल्या तर रुततात, म्हणून गाडी अर्धी डांबरावरच उभी. साडेसहा वाजून गेलेले, अंधारलं होतं. अशा वेळी मागे दगड लावून बाभळीची फांदी टाकायची, हा नियम. मी म्हणालोसुद्धा.

"आरं पाच मिनटाचं काम. कारखान्यावरचा नंबर जाईल माझा. उरक लवकर, मिस्तरी," दाजी म्हणाले.

आणि मी उरकायला घेतलं. चूक माझीच, ती कोणावर ढकलत नाही.

काम सुरू करताना बॅटरीची मायनसची वायर आधी काढायची, ही माझी सवय. काढली, चिंधी गुंडाळून बाजूला बांधली. म्हणजे गाडीचा होता नव्हता तो पार्किंग लाईटही गेला. दोन लाईट टपावर कसून बसवले. उरलेले दोन खोक्यात, दाजींच्या पायाशी. मग डॅशबोर्डखाली डोकं घालून स्विचची वायर ओढायला लागलो. दाजी मोबाईलचा टॉर्च धरून उभे. रिले माझ्या डाव्या मुठीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी – चार लाईटांचा भार सरळ स्विचवर टाकला तर स्विच जळतो. म्हणून मधे रिले. काड्यापेटीहून लहान डबी. स्विच दाबला की आत 'टक' होतं आणि मोठा करंट सुटतो. करंटशिवाय ती नुसती प्लास्टिकची डबी.

ती माझ्या मुठीत वाजली... टक.

नुसता आवाज नाही, तळहाताला ठोका लागला. मी मूठ उघडून बघितलं. चारही पिना मोकळ्या. एक वायर जोडलेली नाही.

"दाजी, ऐकलं का?"

"काय?"

टक.

"वाजलं की रं!" दाजी मागे सरकले. "तू तर बॅटरी काढली म्हणालास?"

तेवढ्यात मागून ब्रेकचा आवाज आला, लांबलचक, आणि काहीतरी डांबरावर आपटलं.

आम्ही दोन्ही ट्रॉल्या ओलांडून मागे पळालो. आमची आक्का! माझी थोरली बहीण, दाजींची बायको. कारखान्यावर नंबर लागायला रात्र जाते, म्हणून दाजींचा डबा घेऊन स्कूटीवर निघाली होती. स्कूटी आडवी पडलेली, पुढचं चाक ट्रॉलीपासून वीतभर. उसाचे बुडखे तिच्या मानेच्या उंचीला बाहेर आलेले. पिठलं रस्त्यावर सांडलेलं. ती बसली होती, गुडघा फुटलेला, बाकी धड.

"समोरून टेंपो आला, डोळं दिपलं. ट्रॉली दिसलीच न्हाय मला," ती दाजींना सांगत होती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू लाईट तोंडावर मारलास म्हणून दाबला ब्रेक. पर असा का रं हुबा व्हतास, मुका?"

"आक्का, मी पुढं होतो. स्टेअरिंगखाली."

"हितं व्हतास तू. वायर लोंबत व्हती हातातनं."

दाजी म्हणाले, "माझ्याजवळ व्हता गं त्यो."

ती ट्रॉलीच्या मागे जिथे बोट दाखवत होती तिथे मी बघितलं. डांबरावर आमचा एक नवा लाईट सरळ उभा करून ठेवलेला. वायर मोकळी. उचलायला गेलो तर हात पोळला.

खोक्यात एकच उरला होता. दाजी तिथून हलले नव्हते, मीही नव्हतो.

रात्री रिले फोडली. नवी कोरी, कधी न बसवलेली. आतले पॉइंट जळून काळे पडलेले.

मित्र म्हणतात, आक्काला भास झाला, लाईट कोणीतरी नेला असेल. असेल. पण तापवला कशाने? आणि मुठीतला ठोका? वीस वर्षांच्या अनुभवाला याचं उत्तर नाही. आता मागे लाल लाईट लावल्याशिवाय मी ट्रॉलीचं काम घेत नाही, शिव्या खातो.

पण मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आक्का माझ्या दुकानात येत नाही. मी घरी गेलो की चहा देते आणि आत जाते. एकदा मी खोदून विचारलं, नक्की काय दिसलं तुला?

"तूच व्हतास," ती म्हणाली. "पर लई म्हातारा. आन् मला बघून रडत व्हतास, लई वर्सांनी दिसल्यागत."

या भाऊबीजेला तिने मला ओवाळलं. पूर्ण वेळ ताटाकडे बघत होती. एकदाही वर बघितलं नाही.