दार न उघडता उघडलेली शाळा

ओसरीवर बसले की अण्णा आधी अंगणातली मूठभर माती उचलायचे, जमिनीवर पसरायचे आणि तिच्यात बोटानं रेघा ओढायला लागायचे. ही त्यांची योजना. कुणी हरकत काढली की तळव्यानं माती सारखी करायची, "तडी, तडी, सोपं हाय," म्हणायचं आणि लगेच दुसरी योजना काढायची. तडी म्हणजे कानडीत थांबा. पण स्वतः ते कधी थांबलेले मी पाहिले नाहीत. बैठक संपेपर्यंत त्यांचं धोतर, त्यांच्या मिशा आणि समोरच्याचे गुडघे, सगळं मातीनं माखलेलं असायचं.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. कुणाचंही काम अडलं की ज्याला आनंद होतो, असा. आमचे हे गृहस्थ तालुक्यातल्या शाळांचे तपासनीस होते. निपाणीकडचे जैन. घरात कानडी, दारात मराठी, आणि वरिष्ठांसमोर लागेल तेवढं इंग्रजी. हुद्दा साहेबाचा होता, पण पाटलापासून पहिलीतल्या पोरापर्यंत सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे. मी वडगावच्या विणकराच्या घरातला. बेळगुंदीच्या पलीकडं एका लहान गावात दुय्यम मास्तर म्हणून लागलो होतो. घरी हातमाग सोडून खडू धरला म्हणून वडील अजून माझ्याशी धड बोलत नव्हते.

त्या साली मानमोडीचा ताप आला. कागदोपत्री त्याला इन्फ्लुएंझा म्हणत, आमच्याकडं मानमोडीच. घरटी माणूस झोपला. आमचे हेडमास्तर गेले. पोरांतल्या कुणाची आई गेली, कुणाचा बाप. शाळेला कुलूप लागलं आणि किल्ली मामलेदार कचेरीत जाऊन पडली. हळूहळू ताप ओसरला, पण पुरता गेला नव्हता. अशा वेळी सरकारातून एकामागून एक दोन हुकूम आले. पहिला असा, की पुढचा हुकूम येईपर्यंत शाळेचं दार उघडायचं नाही. दुसरा असा, की पौषात मोठे साहेब फिरतीवर येतील. जी शाळा बंद दिसेल ती कायमची मोडून शेजारच्या मोठ्या गावच्या शाळेत घातली जाईल.

मी दोन्ही हुकूम अण्णांना वाचून दाखवले आणि डोक्याला हात लावून बसलो. शेजारचं मोठं गाव म्हणजे चांगली चार कोसांची तंगडतोड, मधे ओढा. तिथं आमच्या गावची पोरं जायची नाहीत, आणि पोरी तर नाहीच नाही. गंगी नावाची एक चुणचुणीत मुलगी चौथीत होती. तिची आई मानमोडीत गेली होती. तिच्या बापानं सरळ सांगून टाकलं होतं, "शाळा गावात हाय तवर शिकू दे. परगावी मी न्हाय धाडणार. मग घर सांभाळंल." गंगीनं हे ऐकलं होतं, आणि ती रोज येऊन मला विचारायची, "मास्तर, शाळा ऱ्हाणार न्हवं?"

अण्णांनी दोन्ही हुकूम ऐकले आणि त्यांचा चेहरा उजळला. खरंच सांगतो, उजळला.

"तडी, मास्तर. सोपं हाय. दार उघडायचं न्हाय. शाळा उघडायची."

"म्हणजे कशी, अण्णा?"

"ते बगू की आता!" म्हणाले, आणि त्यांचा हात मातीकडं गेला.

पहिली योजना अशी : पोरांनी आपापल्या दारात बसायचं, मास्तरांनी देवळाच्या कट्ट्यावर उभं राहून ओरडून शिकवायचं. कुणाचा श्वास कुणाला लागायचा नाही. मी ओरडलो. "सतरा चोक?" उत्तर आलं ते कुणाच्या तरी आजीचं, आणि तेही चुकीचं. समोरच्या दारातल्या बाईनं तिला सुधारलं. मग दोघींची जी जुंपली ती जमिनीच्या वाटणीवर गेली. गंगीच्या म्हशीनं मधेच गळा काढला. दुपारपर्यंत माझा आवाज बसला, पोरं हसून हसून उंबऱ्यावर आडवी झाली, आणि अण्णा पाटलाच्या ओसरीवर बसून डोळे पुसत होते, हसण्यानं.

"ही न्हाय जमली," म्हणाले. "पण काय मजा आली वो!"

दुसऱ्या योजनेच्या बैठकीला गावातली जाणती मंडळी बोलावली होती. अण्णा सूर्य बुडायच्या आत जेवणारे. बरोबर फडक्यात बांधलेली भाकरी आणि पाणी गाळायचं धुतलेलं कापड. त्यामुळं त्यांची कुठलीही बैठक ऊन कलायला लागलं की धावत सुटायची. आमची मंडळी तासभर तंबाखू मळण्यातच घालवणारी. अण्णा एक डोळा मातीकडं, एक डोळा उन्हाकडं ठेवून योजना सांगत होते. गावाबाहेरचं खळं झाडून घ्यायचं. चुलीतल्या राखेनं त्यावर चौकोन आखायचे, मधे काठीभर अंतर. एका चौकोनात एक पोर. आणि वरच्या आळीनं सोमवारी नि बुधवारी यायचं, खालच्या आळीनं मंगळवारी नि गुरुवारी, म्हणजे गर्दी होणार नाही.

"समजलं न्हवं? ठरलं? बरं, उठा, मला जेवायचं हाय!"

मंडळी हो म्हणाली. भुकेल्या माणसाला नाही कोण म्हणणार?

सोमवार छान गेला. पण मंगळवारी सकाळी खळ्यावर येऊन बघतो तर अख्खं गाव हजर! खालची आळी, वरची आळी, कडेवरची पोरं, म्हातारे, पाटलीणबाईसुद्धा. झालं होतं असं, की मानमोडीसाठी गावानं देवीचे मंगळवार धरले होते. वार धरला की औत धरायचं नाही, जातं फिरवायचं नाही, गुरं वेशीबाहेर काढायची नाहीत. रिकामं बसून करायचं काय? तर शाळा बघायची. अण्णा निपाणीकडचे, मी वडगावचा, आम्हाला गावचे वार काय ठाऊक! आणि गावाला वाटलं, वार धरलाय हे कुणी वेगळं सांगायचं असतं होय?

"अण्णा, तुम्हीच मंगळवार सांगिटला न्हवं?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"व्हय, व्हय, मीच सांगिटला," अण्णा म्हणाले, आणि काठी घेऊन मोठ्यांना बांधाबांधावर पांगवत सुटले. "लांब बसा गं! काठीभर! आजी, तुमी बी!"

इकडं पोरं चौकोनांकडं बघत उभी. राखेच्या उभ्या-आडव्या रेघा, मधे चौकोन. अहो, मैदानावर अशा रेघा दिसल्या की आमच्या मुलुखातल्या पोराला एकच गोष्ट सुचते. कुणीतरी एकानं आरोळी ठोकली आणि क्षणात आट्यापाट्या सुरू! निम्मी पोरं आडव्या पाट्या अडवून उभी, निम्मी त्यांना हुलकावण्या देत पळतायत, आणि बांधावरून अख्खं गाव ओरडतंय. मी छडी घेऊन धावलो तर अण्णांनी माझा सदरा मागून धरला.

"तडी, मास्तर, तडी! बघू द्या मला."

बघता बघता त्यांचे डोळे चमकायला लागले. मग त्यांनी टाळी वाजवून खेळ थांबवला आणि नवा नियम सांगितला. पाटीवरच्यानं पळणाऱ्याला हात लावायचा नाही. काठीभर लांबून पाढा विचारायचा. चट्‌दिशी उत्तर आलं तर वाट द्यायची, चुकलं किंवा अडखळलं तर बाद. सगळ्या पाट्या ओलांडून परत आला त्याचं लोण, तो जिंकला.

"हात लावायचा न्हाय, हिशेब लावायचा! चला!"

काय सांगू तुम्हाला! ज्या पोरांना मी दोन वर्षं पाढ्यासाठी उठाबशा घालायला लावल्या, ती पोरं आता घरी कुणी न सांगता औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, घोकू लागली. पावकी, पाऊणकी, दिडकी, सगळे अपूर्णांकांचे पाढे. अण्णा रोज यायला लागले. तालुक्यात दुसऱ्या शाळा नव्हत्या काय? होत्या. तिथंही राखेचे चौकोन आखून ते धापा टाकत आमच्याकडं यायचे. पन्नाशीचा माणूस, धोतर खोचून पाटीवर उभा राहायचा. गंगीनं त्यांना एकदा "अकरा औट?" विचारून बाद केलं, तेव्हा ते बाद झालेल्या पोरांच्या रांगेत जाऊन निमूट बसले आणि पुढचा डाव येईपर्यंत तिथून हलले नाहीत. एक गोष्ट मात्र होती. पोराला नुसती शिंक आली तरी खेळ थांबायचा, त्या पोराला ते स्वतः घरापर्यंत पोचवायचे आणि संध्याकाळच्या आत पुन्हा चौकशीला जायचे. हसरे होते, पण बेफिकीर नव्हते.

पौषात मोठे साहेब आले, आणि आले ते नेमके मंगळवारी. टांग्यातून उतरले. कोट, बूट, जरीची पगडी, मागं पट्टेवाला. आधी बंद शाळेचं कुलूप पाहिलं, मग रागारागानं खळ्याकडं आले. बांधावर गाव बसलेलं होतंच. गंगी मधल्या पाटीवर होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, पण जागा सोडली नाही.

"शाळा कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"आपण शाळेतच उभं हायसा, साहेब," अण्णा नम्रपणे म्हणाले.

साहेबांनी खाली पाहिलं. बूट राखेच्या रेघेवर होता. ते काही बोलणार इतक्यात पाटीवरून गंगीचा आवाज आला, घाबरलेला पण खणखणीत : "सात औट?"

अण्णा हळूच म्हणाले, "उत्तर द्या साहेब, न्हायतर बाद व्हाल."

आता हे साहेबसुद्धा कधीकाळी कुठल्यातरी पंतोजींच्या हाताखालून गेलेले असणारच. त्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "साडेचोवीस!"

"जावा!" गंगी बाजूला झाली.

साहेब चक्क पुढं गेले. पुढच्या पाटीवरून एका पोरानं ठणकावलं, "बारा पाऊण?" "नऊ!" त्याच्या पुढच्यानं, "तेरा दीड?" "साडेएकोणीस!" साहेब चालता चालता पळायला लागले. बांधावरून गाव ओरडलं, "पळा साहेब, पळा!" बूट घसरत होते, कोटाचे पंख झाले होते. शेवटची पाटी ओलांडून ते मागं फिरले, पुन्हा सगळी उत्तरं देत परत आले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "लोण!" पगडी केव्हाच राखेत पडली होती. पाटलीणबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, म्हातारे काठ्या आपटत होते, आणि मी, सरकारी नोकर असून, शिट्टी वाजवली.

मग पट्टेवाल्यानं पगडी झटकून पुढं केली, आणि साहेबांना आपण कोण आहोत ते आठवलं. पगडी डोक्यावर चढली, चेहरा दगडी झाला.

"हे कुणाच्या परवानगीने?"

मी तोंड उघडणार तोवर अण्णा पुढं झाले. "माझ्या."

साहेबांनी पोरांकडं पाहिलं, गंगीकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. ज्या शाळेत आपणच दोन मिनिटांपूर्वी धावलो ती बंद आहे असं कसं लिहिणार? "शाळा चालू आहे," ते म्हणाले. "शाळा राहील." गंगीनं तिथंच बसकण मारली आणि रडायला लागली. गावानं देवीच्या नावानं चांगभलं केलं. त्या गोंगाटात साहेब अण्णांना बाजूला घेऊन इंग्रजीत काहीतरी बोलले, आणि टांगा गेला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"बदली. कारवारकडं." अण्णा हसत होते. "साहेबाला गावासमोर पळवला, मास्तर. एवढं तर व्हणारच की."

मला फार राग आला, फार वाईट वाटलं. मी बडबडलो, अर्ज करू म्हणालो, गावाच्या सह्या घेऊ म्हणालो. त्यांनी नेहमीसारखं "तडी, तडी" केलं. तिकडंही मानमोडी आहे, तिकडंही शाळा बंद आहेत, समुद्राच्या काठी खळी नसतील पण वाळू तर असेल, असं काहीबाही सांगत राहिले. निघायच्या दिवशी ते मला घेऊन बंद शाळेपाशी गेले आणि दाराच्या फटीला डोळा लावून बराच वेळ आत बघत राहिले. "फळ्यावर हेडमास्तरांचा धडा तसाच हाय वो," एवढंच म्हणाले. मग ऊन कललं म्हणून गाडीत बसून भाकरी सोडली, आणि गाडी निघाली.

किल्ली आली ती त्यानंतर महिन्याभरानं. मी दार उघडलं. धुरळा उडाला, आत पाकोळ्यांनी घरटी केली होती. पोरं ओरडत आत घुसली. गंगी तेवढी उंबऱ्यावर थांबली.

"अण्णा कवा येणार?"

"ते आता यायचे नाहीत, पोरी. दुसरीकडच्या शाळा उघडायला गेलेत."

"मग आपली दारासकट उघडली, हे त्यास्नी कुणी सांगिटलं?"

तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, आत जाऊन सगळ्यांना बाहेर काढलं आणि अंगणात उभं केलं. "मास्तर, कारवार कंच्या अंगाला?"

डोळ्यांत पाणी आलं होतं, मला धड काही दिसत नव्हतं. मी हात केला तो भलतीकडंच, कोल्हापूरच्या बाजूला. पोरांनी तिकडं तोंड करून, छाती फुटेस्तोवर आरोळी ठोकली : "अण्णाऽऽ! शाळा उघडलीऽऽ!"