अण्णा फोटोत नाही

आयुष्यात काही दिवस असे येतात की त्यांच्यानंतर माणूस पहिल्यासारखा राहत नाही. हायस्कूलच्या निरोपाचा दिवस त्यांतलाच एक, असे आमचे हेडमास्तर दर मार्चमध्ये इंग्रजीत सांगत. परीक्षा एप्रिलमध्ये असे. त्यामुळे हार घालून ज्यांना जगात सोडले, त्यांतले बरेच जण जूनमध्ये त्याच बाकांवर परत येऊन बसत.

माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे अण्णाला, असा निरोप दोनदा मिळाला होता. तिसऱ्या वर्षी मी मागून येऊन त्याला गाठले आणि आम्ही दोघे एकाच सेंड-ऑफला बसलो. या समारंभातली टिकणारी वस्तू म्हणजे ग्रूप फोटो. आई तो चौकट करून बाहेरच्या खोलीत लावी. पहिल्या फोटोत अण्णा पुढे जमिनीवर मांडी घालून बसला होता. दुसऱ्यात मागच्या बाकावर उभा होता. वडील पाहुण्यांना सांगत, "फोटोत बढती मिळाली आहे."

बाकी प्रकरण थट्टेचे नव्हते. शहराबाहेर, यशवंतपूरच्या पलीकडे नवा सरकारी कारखाना निघाला होता आणि तिथे एस.एस.एल.सी., म्हणजे मॅट्रिक, झालेली मुले शिकाऊ म्हणून घेत. वयाची अट होती आणि अण्णाचे ते शेवटचे वर्ष. नाहीतर पेठेत मामाचे शिवणकामाचे दुकान होतेच. तिथे तो सुट्टीत काजे करायला बसे आणि संध्याकाळी कुणाशी न बोलता जेवे.

त्या दिवशी हेडमास्तरांनी जरीकाठी म्हैसूर पेटा बांधला होता. पाहुणे एक निवृत्त अधिकारी होते. ते चारित्र्यावर बोलले आणि बराच वेळ बोलले. मग विद्यार्थ्यांच्या वतीने मी इंग्रजीतून आभार मानले. भाषण मी आठवडाभर आरशासमोर घोकले होते. हेडमास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवून पाहुण्यांना सांगितले की, हा मुलगा शाळेचे नाव काढील.

नंतर उप्पिट आणि केसरीभात झाला आणि सगळे मैदानात फोटोला जमले. फोटोग्राफरने काळ्या कापडात डोके घातले, बाहेर काढले आणि मागच्या ओळीत एक जागा रिकामी असल्याचे सांगितले. अण्णा नळावर हात धूत होता. ड्रिलमास्तर त्याला आणायला गेले. तो येईना, तेव्हा हार सावरत हेडमास्तर स्वतः उठून गेले.

"सर, माझा फोटो दोनदा झालाय," अण्णा म्हणाला. "दोन्ही वेळा काय झालं, ते तुम्हाला ठाऊकच आहे."

ऊन उतरत होते. हेडमास्तर परत येऊन खुर्चीवर बसले आणि त्यांनी फोटोग्राफरला खूण केली.

घरी जाताना मी अण्णाला कार्यकारणभाव समजावून सांगितला. मी तेव्हा ग्रंथालयातून बुद्धिवादावरची पुस्तके आणत असे आणि श्रोता शोधत असे. कॅमेऱ्याचा भूमितीशी संबंध नाही, तू भूमिती केली नव्हतीस, एवढेच खरे, असे मी म्हटले. त्याने सगळे ऐकून घेतले.

"सरी, बरोबर आहे," तो म्हणाला. "पण या वर्षी भूमितीही केली आणि फोटोतही बसलो नाही. तुझं बरं आहे, तू कसाही पास होशील."

निकालाच्या सकाळी वडिलांनी वर्तमानपत्रात अण्णाचा नंबर शोधला आणि मग तो आईला दोनदा बोट ठेवून दाखवला. ती देवापुढे साखर ठेवून आली, तरी ते पानावरून बोट फिरवतच होते. माझा नंबर सापडत नव्हता. पुढे गुणपत्रिका आली, तेव्हा कळले की गणिताने घात केला होता.

अण्णा कारखान्यात लागला, तिथेच फोरमन झाला आणि तिथूनच निवृत्त झाला. मामाने काजे करायला दुसरा मुलगा ठेवला. आईने तिसरा फोटोही शेजारी लावला. त्यात पाहुण्यांच्या मागे, अगदी मधोमध मी आहे, हनुवटी वर करून.

पुढच्या मार्चमध्ये पुन्हा सेंड-ऑफ झाला. फोटोच्या वेळी मी नळावर हात धूत होतो.