पाटी ऐकणारा कलईवाला

कलईवाला माणसाच्या तोंडाकडे पाहत नसे. डावा कान पुढे करून ऐके. भांड्यावर टिचकी मारून ते कुठे पातळ झाले आहे ते सांगे. राहणारा वाशीमचा, वर्षातून दोनदा भाता घेऊन आसेगावात येई. बायकांना तो कलईपुरता ठाऊक होता. मुले मात्र त्याला मनातले ओळखणारा म्हणत.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. शनिवारी शाळा सुटताना तो खेळ करी. डोळ्यांवर रुमाल बांधून मुलांकडे पाठ करून बसे. “बेटा, मनातलं पाटीवर लिव. पुस. आता मनात धरून ठेव.” क्षणभर थांबून तो सांगे, “आंबा.” पोरे ओरडत. एकाने ‘मास्तर’ लिहिले, तेव्हा म्हणाला, “ज्याले भेते त्याचंच नाव लिवलं, लेकाच्यानं!” मलाही हसू आले.

त्याची युक्ती मला दुसऱ्या वर्षी कळली. अक्षर गिरवण्याचा क्रम मी मोडू देत नसे. मोडला तर छडी. त्यामुळे सगळी मुले एकाच क्रमाने, एकाच जोराने लिहीत. पेन्सिलीच्या आवाजावरून तो शब्द ओळखी. मी तसे म्हणताच त्याने कानाला हात लावला. “इल्म तुमचा हाये, मास्तर. कान फक्त माहा. दुसऱ्या गावात हा खेल जमत नाही.”

गुणवंत दुसरीत होता. विधवा आईचा एकुलता. घसा सुजून त्याचा आवाज गेला. पाणी पाजाल तर श्वासात जाईल, असे वैद्याने बजावले होते. मी भेटायला गेलो तेव्हा तो माझ्याकडे पाठ करून अंथरुणावर बसला होता. त्याने खुणेने पाटी मागितली, काही लिहिले, तळहाताने पुसले आणि आईकडे पाहत राहिला. लिहून पुसले की समोरच्याला कळते, असे तो शिकला होता. आईला अक्षरओळख नव्हती. दिवस मावळायच्या आत तो गेला.

पुढच्या फेरीला कलईवाला शाळेत आला, तशी गुणवंतची आई दारात उभी राहिली.

“चाचा, माह्या लेकरानं काय लिवलं थे सांगा.”

“बाई, थो पोराईचा खेल हाये.”

“खेल असन. पन तुमचं कधी चुकलं नाही. जाता जाता लेकरू काय म्हने, एवढंच सांगा मले.”

तो माझ्याकडे वळला. “मास्तर, तुमी होते नं तिथं? आवाज कानात असन. डोये मिटा. हात जाईन तसा जाऊ द्या.”

मी डोळे मिटून पाटीवर पेन्सिल टेकली. डोळे उघडले तेव्हा पाटीवर ‘पाणी’ लिहिलेले होते.

कलईवाल्याने ते पाहिले. तिच्याकडे प्रथमच तोंड वर करून पाहिले. “माय,” तो म्हणाला. “माय लिवलं त्यानं.” ती पाटीला हात लावणार, तोच त्याने ती बाहीने पुसून टाकली.

मी उभ्या आयुष्यात मुलाचे चुकीचे वाचन खपवून घेतले नव्हते. त्या दिवशी खपवून घेतले.

महिन्याभराने ती माझ्याकडे आली. “मास्तर, थो शब्द मले लिवाले शिकवा.” मी ‘माय’ काढून दिले. तिने बराच वेळ पाहिले. “त्या दिशी असा नव्हता दिसत.”

“माझा हात कापत होता,” मी म्हणालो.

ती पाटी ठेवून निघून गेली. त्या दिवशीचा आकार तिने कोणाला काढून दाखवला, मला माहीत नाही. उन्हाळा लागताच तिने वेशीजवळच्या आपल्या दारापुढे रांजण मांडला. रोज भरी. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पोराला हाक मारून पाणी पाजी.

कलईवाला त्या वाटेने आला, तेव्हा मी तिथेच उभा होतो. “रांजन कोनाचा?” मी सांगितले. त्याने खांद्यावरचा भाता खाली ठेवला, दोन्ही हातांनी तांब्या धरून पाणी प्याला. मग भाता उचलून, गावात न शिरता वाशीमच्या रस्त्याला लागला. ती आतून हाक मारीत होती, “चाचा, अजून घ्या ना!” एरवी टिचकीचा आवाज टिपणाऱ्या त्या माणसाने मान वळवली नाही. आसेगावात तो पुन्हा आला नाही.