होमराजच्या झिंग्यांखालचा प्रश्न

आज होमराजला जाऊन एक वर्ष झालं. मी त्याच्याशी शेवटचं बोलले, ते त्याला सगळ्यांदेखत झापायला.

गेल्या वर्षी "RIP भावा" लिहून, खाली जोडलेले हात टाकून मोकळी झाले होते.
आज खरं लिहिते.

आमचा एक ग्रुप आहे. भंडारा जिल्ह्यातले आम्ही अकरा प्रोग्रामर. कोणी पुण्यात, कोणी हैदराबादला, कोणी गावातूनच काम करणारं. मी जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, आता पुण्यात. वयानं सगळ्यांत मोठी म्हणून ॲडमिन.

ग्रुप काढला कोडिंगसाठी. चालायचा जेवणावर.

कोणी विचारायचं, "हा लूप काहून थांबून नाही राहिला?" त्याला उत्तर मिळायच्या आत दुसरा लाखोरीच्या भाजीचा फोटो टाकायचा. मग लसूण किती घालायचा यावर वीस मेसेज. एकविसावा मेसेज लूपचं उत्तर. आणि ते बरोबर असायचं.

होमराज करडीचा. वडील तलावात मासे धरतात. घरी बसून नागपूरच्या एका कंपनीचं काम करायचा. प्रोबेशनवर होता.

थेट प्रश्न त्याने कधी विचारलाच नाही.

"ताई, जेवली का?"
"हो रे."
"कायची भाजी?"
"दोडके."
"आमच्या इथं वांगे. ताई, तो लॉगिनचा एरर काही जाऊन नाही राहिला."

मला हसू यायचं. मी एरर सोडवून द्यायची.

मग मी ग्रुपमध्ये आमच्या ऑफिसातल्या एका सिनियर सरांना घेतलं. खरं कारण सांगते. माझ्या प्रमोशनचं बोलणं चालू होतं आणि मी केवढी कम्युनिटी चालवते हे त्यांना दाखवायचं होतं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी, मी त्यांच्या शेजारी बसलेली असताना होमराजचा मेसेज आला. वर फोटो, चुलीवरच्या गंजात झिंगे. खाली लांबलचक मजकूर.

"ताई, जेवली का? आज झिंगे अन् भात. बाबानं सकाळीच आणले, टोपल्यात उड्या मारून राहिले होते..."
आणि मग, 'पुढे वाचा'.

सर हसले. वाईट हसले नसतील. पण माझे कान तापले.

'पुढे वाचा' मी दाबलं नाही.

लिहिलं, "होमराज, हा प्रोफेशनल ग्रुप आहे. जेवणाच्या गप्पा इथे नकोत. कोडिंगचं काही असेल तरच लिही."

दोन मिनिटांत त्याने मेसेज डिलीट केला.
"सॉरी ताई."
तेवढंच.

सरांनी अंगठा दाखवला. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं.

आठवड्याभरात ग्रुपमधल्या प्रमोदने सांगितलं, होमराजला कंपनीनं काढलं.
मी काय म्हणाले?
"दिवसभर झिंगे निवडत बसल्यावर दुसरं काय होणार."

फोन करायला हवा होता. आज करू, उद्या करू म्हणत तीन महिने गेले. मग डेंग्यू झाला आणि चार दिवसांत तो गेला. सव्वीस वर्षांचा होता.

गेल्या महिन्यात भंडाऱ्याला घरी गेले होते. प्रमोद म्हणाला, होमराजच्या आईला तुझ्याकडे काम आहे. गेलो दोघं करडीला.

काकूंनी दारातच विचारलं, "जेवली का बाई?"
"हो काकू, घरून जेवून निघाले."
"मंग थोडंसंच जेव. नाही म्हनू नको."

झिंगे आणि भात वाढला. माझं ताट संपेपर्यंत कामाचं अक्षर काढलं नाही. हात धुतल्यावर म्हणाल्या, "त्याच्या कंप्युटरमंदी फोटो हायेत म्हनते प्रमोद. काढून देशीन का? मले त्यातलं काही समजत नाही."

पाच मिनिटांचं काम. तेवढ्यासाठी बाई माझं जेवण होईपर्यंत थांबली होती.

त्या घरात कोणाकडे काही मागायचं तर आधी त्याला जेवणाचं विचारतात. होमराज टाइमपास करत नव्हता. घरी शिकला तसं मागत होता. हे मला, भंडाऱ्याच्याच पोरीला, कळलं नाही.

लॅपटॉपचा पासवर्ड लॅपटॉपच्याच बुडाला चिकटवलेला. प्रोग्रामर म्हणे! फोटो शोधताना एक फाइल दिसली. नाव होतं, 'ताईले विचाराचं आहे'.

मला पाठवायचे मेसेज तो आधी तिथे लिहून बघायचा. सगळ्यांत खाली तो झिंग्यांचा मेसेज होता. पूर्ण.

"...ताई, उद्या डेमो आहे. दवाखान्याच्या अपॉइंटमेंटची तारीख सेव्ह केली का एक दिवस मागं जाते. सोमवार टाकला तर रविवार दिसते. तीन दिवस झाले पाहून राहिलो. उद्या नाही चाललं तर ठेवत नाही म्हणतात."

त्याच्या खाली तोच मेसेज पुन्हा लिहिलेला. झिंगे काढले. 'जेवली का' काढलं. सुरुवात 'आदरणीय मॅडम'.
तो त्याने पाठवलाच नाही.

मी फोटो काढून दिले. फाइलचं काकूंना सांगायची हिंमत झाली नाही.
निघताना त्या म्हणाल्या, "तुहं लय नाव घेये तो. ताईले विचारलं का काम होते म्हने."

मी मान हलवली आणि गाडीत येऊन रडले.

प्रमोशन झालं माझं. सर ग्रुपमधून कधीचेच निघून गेले. ग्रुपवर आता कोणी भाजीचा फोटो टाकत नाही, आणि कोणी प्रश्नही विचारत नाही.

होमराज, उत्तर देते.

हो, जेवले. तुझ्याच घरी, झिंगे अन् भात.

आता तुझी तारीख. तुझा कोड त्या दिवशी तिथेच उघडून पाहिला. तुझ्या कोडमध्ये सोमवार म्हणजे रात्री बाराचा सोमवार. ती वेळ सर्व्हरकडे जाताना ग्रीनिचची होते, म्हणजे साडेपाच तास मागं जाते, म्हणून रविवार होतो. वेळ पाठवू नको, नुसती तारीख पाठव. एका ओळीचा बदल आहे. बाकी तुझं सगळं बरोबर होतं.

सुखात राहा भावा. चूक माझी होती.