गोदामाच्या कोपऱ्यातला देव

मेहकरच्या जुन्या बाजारातलं ते गोदाम आधी कापसाचं होतं, मग ज्वारीचं, मग सरकारी धान्याचं आणि शेवटी घुशी-पारव्यांचं. मधली दोन राज्यं रंगरावांनी पाठीवर वाहिली. मिसरूड फुटायच्या वयात हमाल म्हणून आत शिरले ते पाठीला पोक घेऊनच बाहेर पडले. आता मूळ व्यापाऱ्याच्या नातवांनी ती इमारत वाचनालयाला देऊन टाकली होती, दुरुस्ती निघाली होती आणि रंगराव तिथे राखणदार होते. राखायचं काय, तर चुन्याची पोती. पोत्यांनी काही त्यांचा पिच्छा सोडला नाही.

छपराचं सागवान उतरवून, साफ करून पुन्हा चढवलं. पत्रे बदलले. दगडांच्या सांधी चुन्याने भरल्या. काम अडलं ते मागच्या कोपऱ्यात. तिथला पाया खचला होता. पावसाळ्याआधी तो बांधून काढला नाही तर भिंत बसेल आणि तिच्यासोबत नवं छप्परही, असं इंजिनियर शेखरने बजावलं. पण नेमका त्याच कोपऱ्याला टेकून देव बसला होता. नारळाएवढा गोटा, शेंदराने लिंपलेला, वर पत्र्याची सावली. मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या. देवाला हात लावाल तर याद राखा, असं गल्लीने सांगून टाकलं.

या देवाची जन्मकथा आपल्या एकट्याच्याच पोटात आहे, असं रंगराव धरून चालले होते. बाजाराला आलेला जो तो पूर्वी त्या कोपऱ्यात उभा राहून मोकळा व्हायचा. आत पोती ओढताना वासाने जीव नकोसा व्हायचा. मुकादमाने शिव्या घातल्या, बाभळीचे काटे टाकले, पण पालथ्या घड्यावर पाणी. मग एका दुपारी रंगरावांनी नाल्यातला गोटा उचलला, तेलात शेंदूर कालवला आणि दिला बसवून. वास गेला. पुढे कोणी उदबत्ती लावली, नारळ फुटायला लागले, आणि रंगराव म्हणाले, फुटू देत बापडे.

घोटाळा झाला तो घरातच. त्यांची लेक वंदना बीबी गावात दिलेली. लग्नाला कितीतरी वर्षं होऊनही तिची कूस उजवेना. तिची आई झुंबरबाई दर शनिवारी त्या गोट्यापुढे जाऊन बसायची. शेवटी नातू झाला. आता बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं, की तुझा देव असा नि असा?

काम बंदच राहिलं. ठेकेदार माणसं दुसरीकडे न्यायला निघाला. ज्या भिंतींत उभा जन्म गेला त्या आपल्या डोळ्यांदेखत पडणार, या विचाराने रंगराव पार खचले. एका सकाळी त्यांनी गल्ली गोळा केली.

"देव नाई तो," ते म्हणाले. "म्याच बसोला. लोकं मुतत होते म्हून बसोला."

किराणा दुकानदार माणिकराव म्हणाले, म्हातारा उन्हाने चळला. कोणीतरी पाण्याचा गडवा पुढे केला. खरं बोलल्याचं हे फळ. गर्दीमागे झुंबरबाई उभी होती, हे रंगरावांना तेव्हा दिसलं. ती वळून घरी गेली.

घरी तिने ताट वाढलं. रंगरावांना वर बघवेना.

"मले माईत होतं," ती म्हणाली. "शेंदराचे हात घेऊन आल्ते तुमी त्या दिवशी. सदऱ्याचे डाग म्याच धुतले."

घास त्यांच्या हातातच राहिला. "मंग काऊन जाऊन बसत होती तिथं?"

"पोरीचं दुःख कोनाले सांगू? तुमी यायचे अन् भितीकडं तोंड करून झोपायचे. तो गोटा आयकून तरी घ्यायचा."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. रंगरावांना रडू आलं, आणि तेही त्यांनी भिंतीकडे तोंड करूनच रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई हळदकुंकू घेऊन कोपऱ्यावर गेली. तिने नारळ फोडला, डोकं टेकवलं आणि देव समोरच्या निंबाखाली नेते म्हणून सांगितलं. दर शनिवारच्या त्या बाईला अडवायची कोणाची छाती झाली नाही. तिने गोटा पदरात घेतला. उठताना तिचा तोल गेला, तसे रंगराव हात पुढे करून धावले.

"राहू द्या," ती म्हणाली. "इतके वर्सं एकलीनंच उचललं. आता काऊन हात लावता?"

ती रस्ता ओलांडून गेली. रंगराव तिथेच उभे राहिले, आणि मजुरांनी त्यांना जरा बाजूला व्हायला सांगितलं.